कोरड्या पापण्या

या, जवळ सरकून बसा. कोरड्या डोळ्यांची गोष्ट सांगतो. नवरा जाऊन चार दिवस झाले, तरी त्या घरच्या सुनेच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. आलेगेले कुजबुजत, “दगड आहे बाई!” पाचव्या दुपारी वीज गेली आणि नवऱ्यानं जाण्याआधी उबवायला ठेवलेल्या कोंबडीच्या शेवटच्या अंड्यांची विजेवरची पेटी निवू लागली. तिनं त्याचे पाय शेकायची रबरी पिशवी गरम पाण्यानं भरून पेटीत ठेवली. सासूनं अंडं मिटल्या पापणीला लावलं. अंड्यांची ऊब तिचा मुलगा अशीच जोखायचा. “कळेना गं. रडून डोळे तापलेत, मला सगळं गारच लागतं. तुझे कोरडे आहेत, तूच बघ.” सून यंत्रासारखी अंडी पापणीला लावत राहिली, गार लागतील ती पिशवीशी सरकवत. शेवटच्या अंड्यातून पापणीवर टकटक झाली. “आई, जिवंत आहे.” तिचे डोळे कोरडेच होते. मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा तिलाही आठवा.