खिडकीतून दिलेलं बाळ

"अक्का, गाडी अडनी तरी पोरले खाले देऊ नका," घरीच राहिलेला ड्रायव्हर भिकन निघताना म्हणाला होता. पोराला गाडीबाहेर द्यायचं नाही म्हणे! बी.ए. झालेली प्रमिला तेव्हा हसली होती.

साक्रीच्या रस्त्यावर गाडी अडली. प्रमिला चाकामागे बसली. बाळ तिच्या मांडीवर असलं की स्टार्टर नुसता टक् करायचा; बाळ नवऱ्याकडे दिलं की लगेच फिरायचा, पण इंजिन काही सुरू होईना.

"तुझ्या लेकावर रुसलीय गाडी!" बाळ तिच्याकडे परत देत मोतीलाल म्हणाला आणि इंजिनात वाकला.

थोड्या वेळानं खिडकीतून दोन स्वच्छ हात आत आले. तिनं बाळ दिलं, पायानं स्टार्टर दाबला. गाडी धडधडू लागली.

"अगं, चालू कशी झाली? काढलेली वायर तर माझ्या हातात आहे!" मोतीलाल इंजिनाजवळूनच ओरडला.

त्याचे दोन्ही हात तेलानं काळे होते. दाराची मूठ फिरेना. मघाची उघडी काच आता बंद होती.

तुम्ही बाहेर आहात. तुम्ही तरी बघा हो, बाळ कोणाकडे आहे?