हद्दीचा दगड

लग्न करून ओढ्यापलीकडच्या गावातून आली त्याला साठ वर्षं झाली, तरी गाव एनिडला उपरीच म्हणे.

दर वसंतात पाद्रीबाबांमागून सगळे गावाची शीव चालत जायचे आणि जुन्या हद्दीच्या दगडावर गावातलं एखादं पोर उचलून आपटायचे. शीव त्याच्या जन्मभर लक्षात राहावी म्हणून. यंदा गावात पोरच नव्हतं.

"एनिड, तूच ये," म्हातारा सायलस म्हणाला.

"हाडं मोडशील माझी, मेल्या."

तरी चौघांनी तिला उचललंच आणि अलगद दगडावर टेकवलं.

"झालीस आता आमची."

एनिडनं डोळे पुसले, झगा झटकला आणि दहा वर्षांपूर्वी गावात आलेल्या पाद्रीबाबांकडे बोट दाखवलं.

"आता या उपऱ्याला उचला."