अर्धा पेला थंडाई

हंबीरराव पैलवानांच्या एका पत्राला मी सात वर्षं उत्तर दिलं नाही.

१९५१ साली कोल्हापुरात मी मॅट्रिकला होतो आणि दुपारी वर्गात पेंगायचो. घराशेजारच्या तालमीतले हंबीरराव रोज सकाळी स्वतःच्या बदामाच्या थंडाईतला अर्धा पेला मला खिडकीतून द्यायचे. "घे रं पंडिता, ही पिऊन बघ डुलकी येतीया का!"

त्या वर्षी मी शाळेत पहिला आलो आणि ते मोठी कुस्ती हरले. मी शिकायला बाहेरगावी गेल्यावर आलेल्या पत्रात त्यांनी एवढंच विचारलं होतं, "कुस्ती गेली, जाऊ दे. पर थंडाई तुला तरी लागू पडली न्हवं?"

काल उत्तर पेटीत टाकलं.



"हंबीरराव, माफ करा. त्यात भांग असेल या भीतीनं मी ती रोज मोरीत ओतत होतो."