चौथीतल्या कांजिण्या

अंतराळस्थानकातल्या शाल्मलीचा हात तिसऱ्यांदा कमरेकडे गेला, तेव्हा नियंत्रण केंद्रातून पडद्यावर बोलणारी आई म्हणाली, "टी-शर्ट वर कर."

कमरेवर लाल फोडांची पट्टी होती.

"नागीण आहे. चौथीतल्या कांजिण्या अंगात दडून बसल्या होत्या. जागरणं, दगदग झाली की अशा बाहेर येतात."

"इथे प्रतिकारशक्ती मंदावतेच, आई. पण उद्या माझा पहिला स्पेसवॉक आहे. डॉक्टरांना सांगू नकोस, रद्द करतील."

"मी कशाला सांगू? फक्त नागिणीचं तोंड शेपटीला टेकू देऊ नकोस. टेकलं की माणूस जातो."

"ती अंधश्रद्धा आहे," आईच्या शेजारून डॉक्टरांचा आवाज आला. "स्पेसवॉक मात्र रद्द."

शाल्मलीने टी-शर्ट खाली ओढला.

आई वळली. "तुम्ही चहा घ्या हो. आम्ही घरचं बोलतोय."