सोळा आरसे

फायनल बरोबरीत सुटली. "पेनल्टी मारायला पाच नावं द्या," कोच म्हणाले, आणि सगळ्या वाघिणी एकदम खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधायला लागल्या.

शिवांजलीला हसू आवरेना. महिन्यापूर्वी पुण्याहून आत्मविश्वास शिकवणारे एक सर आले होते; कोल्हापूरच्या उन्हात, कोट घालून. त्यांनी सोळाजणींना सोळा छोटे आरसे वाटले. रोज सकाळी आरशात बघून 'मी वाघीण आहे' असं अकरा वेळा म्हणायचं. म्हटलं बिचाऱ्यांनी, घसा बसेपर्यंत म्हटलं. आता एका वाघिणीच्या पोटरीत गोळा आला होता, दुसरीचा अंगठा ठणकत होता.

शिवांजलीनं गेल्या वर्षी फायनलची पेनल्टी बाहेर घालवली, तेव्हापासून अख्खी पेठ तिला 'आउट' म्हणून हाक मारायची. तिनंच हात वर केला. "पाचवी मी मारते."

शेवटी सगळं त्या पाचव्या किकवरच येऊन ठेपलं. तिनं मारलेला बॉल उजव्या वरच्या कोपऱ्यात असा घुसला, की समोरची गोलकीपर जागची हललीसुद्धा नाही.

सर फोटोवाल्याला ओढत सगळ्यांच्या आधी धावले. "बघितलंत? ही आरशाची किमया! सांग बाळ, रोज बघत होतीस ना आरशाकडे?"

"बघत होते की, सर. रोज पन्नासदा," शिवांजली म्हणाली. "गोलच्या त्याच कोपऱ्यात टांगला होता. परवा बॉल बसला आणि फुटला एकदाचा."