तीन डब्यांवरचा एकच शब्द

धाकट्या नातीचं बारसं झालं त्या वर्षी आमचे हे तिचं नाव चारदा विचारून चारदा विसरले. सारखी तहान लागायची, पोट साफ होईना, दिवसभर पेंगायचे. धाकटी जाऊ म्हणाली, "भावजी आता भ्रमिष्ट झाले." मला ते पटेना.

त्याच वर्षी मी प्रौढांच्या वर्गात इंग्रजी अक्षरं लावायला शिकले होते. ह्यांच्या गोळ्यांच्या तीन डब्या मांडल्या. एक गुडघ्याच्या डॉक्टरांची, दुसरी कंबरेच्या, तिसरी लेकीनं पाठवलेली. तिन्हींवर एकच शब्द लागला, कॅल्शियम. वर हाडं बळकट व्हावीत म्हणून मीच रोज ताकातून गव्हाएवढा चुना देत होते.

डब्या पिशवीत टाकून ह्यांना दवाखान्यात नेलं, चुन्याचंही सांगितलं. रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, रक्तात कॅल्शियम फार वाढलंय, त्यानंच डोकं चालेना झालंय. गोळ्या बंद, चुनाही बंद. सलाईन लावते."

पाचव्या दिवशी हे उठून बसले. "मृण्मयी! एवढं अवघड नाव कुणी ठेवलं गं?"

"तुमच्याच लेकीनं," मी म्हटलं आणि डोळे पुसले.

पुढं ते तिला पूर्ण नावानंच हाक मारायचे. ती चौथीत असताना, माघातल्या एका सकाळी, हे वारले.