पेरलेला राब

विहिणीच्या घरी आलेल्या बाईनं निदान तांब्याभर पाणी पिऊन मग खोडी काढावी. कमळीला तेवढाही दम नसायचा. मनोरहून आली, ओट्यावर टेकली आणि कनवटीची विड्यांची जुडी सोडली. एक विडी स्वतःच्या ओठांत, दुसरी लेकीच्या, तेजलच्या पुढ्यात.

"घे गं. मळमळ बसंल. आनी पोर बारीक राहील, सुटायला सोपं."

तेजलला पाचवा महिना. सकाळपासून पोटात पाण्याचा घोट ठरला नव्हता. तिनं विडी घेतली खरी, पण सासूकडे बघत नुसतीच बोटांत धरून बसली.

सासू, लाडकी, अंगणापलीकडच्या राबात होती. पालापाचोळा जाळून भाजलेल्या त्या तुकड्यावर, काळ्या राखेत भाताचं बी फेकून नुकतीच कंबर सरळ करत होती. टोपली तिथंच टाकून ती तरातरा आली.

"इहीनबाय, बोयसरची डाक्टरीन काय बोलली, ठाव हाय? पोटात पोरगी असली तर तिच्या पोराबाळांचं बी आताच तिच्या अंगात भरतं. आयनं धूर ओढला तर ते बी घटू शकतं. उद्या तिची कूस रिकामी राहिली, तर बोल कोनाला लावाल? तिच्या सासूला?"

कमळी धूर सोडत हसली. "ही पोटात होती तवा मी जुड्याच्या जुड्या ओढल्या. आली ना धडधाकट?"

"आली. आनी दिस जावं म्हनून किती वर्सं दवाखाने पालथे घातले तिनं! तिथं पयलाच सवाल, तुजी आय विडी ओढायची काय?"

"मंग? माज्यामुळंच झालं, असं बोलली काय ती?"

"नाय. नक्की कोनाला सांगता येत नाय, बोलली. म्हनून आजवर मी तोंड शिवून होती."

"शिवलेलंच बरं होतं," म्हणत कमळीनं तेजलच्या विडीसाठी काडी ओढायला काडेपेटी उघडली. "एका विडीनं काय जळतंय?"

लाडकीनं तिच्या हातातली पेटी हिसकली. कुडाला टेकवलेला पेंढ्याचा भारा काखेत मारला, सरळ राबात जाऊन पेरलेल्या बियाण्यावर सोडला आणि खाली वाकून काडी ओढली.

"अगं बये!" कमळी ओट्यावरून धडपडत धावली. तोंडातली विडी कुठं पडली, तिलाही कळलं नाही. "येडी झालीस काय? बी पेरलंय तिथं!"

लाडकीनं काडी फुंकून विझवली. मागे ओट्यावर तेजलनं हातातली विडी मोडून तंबाखू वाऱ्यावर सोडली होती आणि तोंडाला पदर लावून ती हसत होती.

"राब भाजायचा तो पेरायच्या आदी, इहीनबाय," लाडकी काडेपेटी कमरेला खोचत म्हणाली. "पेरल्यावर आग लावनारी येडी. आत्ता तुमीच बोललात."